मोजणी-बाहू आणि जुने तपासणी-सॉफ्टवेअर : 'जोडणी' या कल्पनेची चिकित्सा

फिरत्या मोजणी-बाहूची संगणकाशी गाठ पडली, प्रोबचे टोक जॉबला टेकवून कळ दाबताच पडद्यावर एक ठिपका उमटला, की 'जोडणी झाली' असे म्हणण्याचा यंत्रशाळांतून प्रघात पडला आहे. हा प्रघात सोयीचा आहे. शास्त्रीय मात्र नाही. ठिपका उमटणे ही जोडणीची पहिली पायरी होय, आणि तीही सर्वांत सोपी. ज्या सॉफ्टवेअरमध्ये तो ठिपका जाऊन पडतो ते सॉफ्टवेअर कोरी पाटी नसते. ते एका विशिष्ट प्रकारच्या यंत्रासाठी लिहिलेले असते, आणि त्या यंत्राच्या स्वभावाविषयीची अनेक गृहीतके, कोठेही शब्दांत न मांडता, त्याच्या पोटात वसत असतात. नवे साधन जोडले म्हणजे आकडे सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचतात; त्या आकड्यांमागील अर्थ पोहोचतोच असे नाही. हा अर्थ कोठे गळतो, का गळतो, आणि त्याची किंमत कोणास मोजावी लागते, एवढाच विचार येथे कर्तव्य आहे.

हा विचार मराठवाड्यात करण्यास सबळ कारण आहे. बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना १९८५ साली सुरू झाला. वाळूज, चिकलठाणा आणि पुढे शेंद्रा या औद्योगिक वसाहतींतून वाहनांचे सुटे भाग घडविणारे लहान-मोठे कारखाने उभे राहिले. साचे व हत्यारे घडविण्याचे शिक्षण देणारी इंडो-जर्मन टूल रूम चिकलठाण्यास स्थिरावली. या पट्ट्यात मोजावयाच्या वस्तू म्हणजे ॲल्युमिनियमचे ओतीव भाग, पत्र्याचे दाबून काढलेले भाग, वेल्डिंगचे सांगाडे आणि ते सांगाडे धरून ठेवणारी अवजड फिक्स्चरे. त्यांपैकी जे उचलून नेता येते त्याची तपासणी ग्रॅनाइटच्या मेजावर उभ्या असलेल्या त्रिमिती मापनयंत्रावर, म्हणजे कारखान्यातील बोलीत सी. एम. एम. वर, होते. जे उचलता येत नाही त्याच्यापर्यंत यंत्रच न्यावे लागते, आणि तेथे बाहूची गरज निर्माण होते. पण कारखान्याजवळ जुन्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेले वर्षानुवर्षांचे तपासणी-कार्यक्रम असतात, ग्राहकाने मान्य केलेले रिपोर्टचे नमुने असतात, त्यावर हात बसलेली माणसे असतात. म्हणून बाहू नवा असला तरी सॉफ्टवेअर जुनेच राहावे, अशी मागणी स्वाभाविकपणेच पुढे येते. बाहूसोबत येणारेच सॉफ्टवेअर वापरावे, हा विक्रेत्याचा सल्ला तत्त्वतः गैर नाही. तथापि तो मानला तर एकाच जॉबचे दोन सॉफ्टवेअरांतून दोन रिपोर्ट निघू लागतात, आणि दोहोंत फरक पडला की खरा कोणता हा वाद उभा राहतो.

एकाच वस्तूची दोन मापे निघणे आणि त्यांपैकी खरे कोणते यावर वाद पडणे, हा प्रकार जिल्ह्याच्या पश्चिम टोकास असलेल्या वैजापूर तालुक्यातील शेतकऱ्यास नवा नाही. हा तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. आज सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर यांत लिहिलेले असते, आणि बांधावरचे बोलणे एकर-गुंठ्यांतच चालते. पण एकर-गुंठ्यांचे हेक्टर करणे हा निव्वळ अंकगणिताचा भाग होय. एक हेक्टर म्हणजे २ एकर व सुमारे १८.८ गुंठे, एवढे पाठ असले की काम भागते. खरी अडचण निराळी आहे. जुन्या टिपणातील अंतरे साखळीने, शेताच्या खुणांपासून घेतलेली असतात. आज भूकरमापकाच्या हातातील रोव्हर उपग्रहांच्या आधारे पृथ्वीच्या पाठीवरील स्थान काही सेंटिमीटरांच्या बारकाईने देतो. या दोहोंचा मेळ घालावयाचा तर शिवेचे दगड व जुने बांध शोधून त्यांवर जुना नकाशा बसवावा लागतो. दगड मध्यंतरी सरकलेला असेल, तर रोव्हरची सारी बारकाई त्या सरकलेल्या दगडाच्याच कामी येते. साधन उत्तम, नोंदही प्रामाणिक, आणि तरीही निकाल चुकीचा, असे घडू शकते. चूक साधनात नसते, नोंदीतही नसते. ती दोहोंच्या सांध्यात असते. समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून गेला आहे, आणि अशा कामी जमीन गेली की एकेका गुंठ्याला मोल येते; तेव्हा सांध्यातील चूक ही केवळ पंडिती चर्चेची बाब उरत नाही.

याच कारणाने 'मापन-बाहू' ऐवजी 'मोजणी-बाहू' ही संज्ञा येथे पत्करली आहे. ग्रामीण भागात 'मोजणी आणली' असे म्हणतात तेव्हा केवळ लांबी-रुंदी घेतली असा त्याचा अर्थ नसतो. जमीन आणि दप्तर यांचा ताळा पाहिला, असा असतो. कारखान्यातील तपासणीही असाच ताळा आहे. जॉब ही जमीन, ड्रॉइंग हे दप्तर.

बाहूची घडण प्रथम पाहिली पाहिजे, कारण पुढील बहुतेक घोटाळ्यांचे बीज तेथेच आहे. सी. एम. एम. मध्ये एकमेकींस काटकोनात असलेल्या तीन सरळ मार्गांवर तीन मोजपट्ट्या असतात व त्या लांबी प्रत्यक्ष वाचतात. बाहूत लांबी वाचणारे काहीच नसते; असतात ते कोन. खांदा, कोपर व मनगट यांसारखे सहा किंवा सात सांधे, प्रत्येक सांध्यात कोन वाचणारा एन्कोडर, आणि सांध्यांमध्ये ठरलेल्या लांबीच्या हलक्या नळ्या. या कोनांवरून व लांब्यांवरून प्रोबच्या टोकाचे स्थान गणिताने काढावयाचे. हे गणित मांडण्याची सर्वमान्य रीत देनाव्हिट व हार्टेनबर्ग या दोघांनी १९५५ साली प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक सांध्यास चार संख्या पुरतात. बाहूचे कॅलिब्रेशन म्हणजे या संख्या शोधून काढणे होय. आता पहिल्याच सांध्यात एका विकलेची, म्हणजे अंशाच्या ३६०० व्या भागाची, चूक झाली, तर एक मीटर अंतरावरील टोक सुमारे ५ मायक्रॉनांनी हलते. बाहू दोन मीटर लांबविला असेल तर १० मायक्रॉनांनी. पुढच्या सांध्यांच्या चुका तीत मिसळत जातात.

यातून एक असा गुण निष्पन्न होतो, की जो जुन्या सॉफ्टवेअरच्या कल्पनेतही नव्हता. एकाच बिंदूस बाहू अनेक तऱ्हांनी स्पर्श करू शकतो. कोपर वर ठेवून, खाली ठेवून, मनगट वळवून. आणि प्रत्येक वेळी उत्तर थोडे थोडे निराळे येते. सी. एम. एम. साठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरच्या दृष्टीने एका स्थानास एकच वाचन असते, व त्या वाचनाची चूक स्थानावर अवलंबून असते. बाहूच्या बाबतीत ती स्थानाबरोबरच पवित्र्यावरही अवलंबून असते. जोडणीच्या तारेतून तीन अंक तेवढे गेले आणि पवित्रा मागे राहिला, तर पुढे कोणालाही, सॉफ्टवेअरला वा माणसाला, ती चूक ओळखण्याचा मार्ग उरत नाही. या वाद्याचा इतिहासही येथे बोलका आहे. होमर ईटन यांच्या १९७६ च्या अमेरिकी पेटंटातील उपकरण वाकविलेल्या नळ्यांची दिशा मोजण्यासाठी होते. तेथे उपकरण व त्याचे गणित एकाच हेतूने, एकाच घरात जन्मले. पुढे बाहू सर्वसाधारण मापनाचे साधन झाला, त्याचे गणित त्याच्याजवळ राहिले आणि तपासणीचे सॉफ्टवेअर दुसऱ्या घरचे झाले. जोडणीचा प्रश्न या फारकतीतून उद्भवला.

सर्वांत सूक्ष्म गळती प्रोबच्या गोळीपाशी होते. प्रोबच्या टोकास माणकाची गोळी असते. यंत्रास कळते ते गोळीच्या केंद्राचे स्थान, आणि हवे असते ते स्पर्शबिंदूचे. म्हणून केंद्रापासून पृष्ठभागाच्या दिशेने त्रिज्येइतके अंतर पुढे जावे लागते. पृष्ठभागाची दिशा कोणती? सी. एम. एम. कार्यक्रमाने ठरविलेल्या दिशेनेच पृष्ठभागाकडे जाते, म्हणून जुन्या सॉफ्टवेअरने हा प्रश्न कधी विचारलाच नाही; ज्या दिशेने यंत्र आले तीच दिशा, असे ते धरून चालते. बाहू माणसाच्या हातात असतो. हात कोणत्याही बाजूने येतो. बाहूच्या वाहनिकेकडून, ज्यास कारखान्यात ड्रायव्हर म्हणतात, सॉफ्टवेअरला दिशा म्हणून मिळते ती बहुधा प्रोबच्या दांड्याची, किंवा स्पर्शानंतर हात ज्या बाजूस मागे घेतला त्या बाजूची. ही पृष्ठभागाची दिशा नव्हे. तिच्या जवळपासची एक दिशा होय.

दिशा अगदी उलट धरली गेली तर काय होते? ६ मिलिमीटर व्यासाची गोळी घेऊन एखादे भोक मोजले आणि बाजू चुकली, तर भोकाचा व्यास १२ मिलिमीटरांनी कमी दिसतो. अशी चूक पाच मिनिटेही टिकत नाही. तिला पाहताच शिकाऊ मुलगाही हसेल. पण समतल पृष्ठभागावरील एकेकटा बिंदू घेताना धरलेली दिशा खऱ्या दिशेपासून केवळ १० अंशांनी कललेली असली, तर ३ मिलिमीटर त्रिज्येमागे सुमारे ०.०४६ मिलिमीटरांची चूक पडते. ही चूक कोणाच्याही डोळ्यांत भरत नाही. ती बाहूच्या स्वतःच्या चुकीएवढीच आहे, म्हणून बाहूच्या माथी मारली जाते; बाहू कॅलिब्रेशनला पाठविला जातो; तो निर्दोष परत येतो; आणि चूक जागच्या जागी राहते. जोडणीतील दोषांचा हा सामान्य नियमच म्हणावा लागेल. मोठा दोष स्वतःच ओरडतो. इंच व मिलिमीटर यांची अदलाबदल झाली तर २५.४ पटींचा फरक पडतो व तो लगेच सापडतो. बाहूच्या बाजूने त्रिज्येची दुरुस्ती करून पाठविलेल्या बिंदूवर सॉफ्टवेअरने पुन्हा तीच दुरुस्ती केली तर ३ मिलिमीटरांचा घोळ होतो, तोही सापडतो. सापडत नाहीत त्या शतांश मिलिमीटरांच्या चुका, आणि जॉब बसतो की नाही ते नेमके त्यांवर ठरते.

यावर एक आक्षेप घेतला जातो, व तो विचारात घेण्याजोगा आहे. बाहू माणूस चालवितो. त्याच्या हातातील कमी-अधिक दाब, थरथर व घाई यांची चूक इतकी मोठी असते की तिच्यापुढे जोडणीतील बारकाव्यांची चर्चा व्यर्थ होय, असे म्हणणारे अनेक आहेत. हातामुळे वाचने पसरतात हे खरे आहे. परंतु पसरलेली वाचने पुन्हा पुन्हा घेतली की पसारा दिसतो, मोजता येतो, सरासरीने आटोक्यात आणता येतो. जोडणीतील चूक पसरत नाही. ती प्रत्येक वाचनात त्याच बाजूला, जवळजवळ तेवढीच येते. म्हणून वाहन-उद्योगात रूढ असलेली गेज आर. अँड आर. ही कसोटी, जीत तेच जॉब तीच माणसे पुन्हा पुन्हा मोजतात, ती उत्तम रीतीने पार पडूनही जोडणी सदोष असू शकते. पुनरावृत्ती जुळते म्हणजे माप खरे आहे, हा ग्रह सोडला पाहिजे. मराठीत या गोंधळास भाषेचाही हातभार लागतो. अचूकता, बारकाई आणि पुनरावृत्तीचा मेळ या तीन भिन्न गुणांना आपण सरसकट 'ॲक्युरसी' म्हणून मोकळे होतो.

दुसरी गळती हुकूम कोणी कोणास करावयाचा यासंबंधीची आहे. जुन्या तपासणी-कार्यक्रमाचा पिंड आज्ञेचा असतो. अमुक स्थानी जा, तमुक दिशेने स्पर्श कर, मग पुढे जा. अशा आज्ञांची प्रमाणभाषा, डी. एम. आय. एस., १९८५ च्या सुमारास आकारास येऊ लागली. १९९० साली ती अमेरिकेचे राष्ट्रीय मानक झाली व २००३ साली आंतरराष्ट्रीय. पुढे युरोपातील मोटार-उत्पादकांनी यंत्र व सॉफ्टवेअर यांमधील संभाषणासाठी आय-प्लस-प्लस या नावाचा संकेत घडविला. या साऱ्या प्रयत्नांचे मोल मोठे आहे, कारण त्यांमुळे एका घरच्या यंत्राशी दुसऱ्या घरच्या सॉफ्टवेअरला बोलता येऊ लागले. परंतु त्यांच्या मुळाशी चालविता येणारे यंत्र आहे. बाहूला 'जा' म्हणून चालत नाही. तोच सांगतो की 'येथे आहे'. जुना कार्यक्रम बाहूवर चालविला म्हणजे जाण्याच्या सर्व आज्ञा निरर्थक होतात व स्पर्शाच्या आज्ञांचे रूपांतर माणसास दिलेल्या सूचनांत होते. हे रूपांतर सॉफ्टवेअर सफाईने करते, आणि म्हणूनच फसगत होते. कार्यक्रमात एका दंडगोलावर समान अंतराने आठ बिंदू योजलेले असतात. प्रत्यक्षात हात जेथे पोहोचतो तेथे आठ बिंदू घेतले जातात, कदाचित सारे एकाच बाजूला. वर्तुळाच्या लहानशा कमानीवरील बिंदूंवरून काढलेले केंद्र अतिशय डळमळीत असते, हे भूमितीच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. पण रिपोर्टवर बिंदू आठच दिसतात, आणि कार्यक्रमाचे नावही तेच.

स्थान-निश्चितीचा प्रश्न वैजापूरच्या शिवेच्या दगडाशी अगदी मिळताजुळता आहे. जॉबचा डेटम ठरविताना एका पृष्ठावर तीन, दुसऱ्यावर दोन व तिसऱ्यावर एक बिंदू घेण्याची रीत सर्वत्र आहे. सी. एम. एम. च्या मेजावर जॉब पक्का असतो व यंत्राचा पायाही पक्का असतो. बाहूचा पाया तिपाईवर किंवा चुंबकी बैठकीवर असतो. कामाच्या ओघात त्याला धक्का लागला तर जुन्या सॉफ्टवेअरला ते समजण्याचा मार्ग नाही, कारण मेज चालू लागते ही शक्यताच त्याने कधी विचारात घेतली नव्हती. जॉब लांब असेल तर बाहू उचलून दुसऱ्या जागी ठेवावा लागतो आणि किमान तीन ठरावीक गोळ्या वा खोबणी दोन्ही जागांवरून मोजून दोन मोजण्या जोडाव्या लागतात. या जोडाची चूक पुढील प्रत्येक बिंदूत मिसळते. बाहूसोबतच्या सॉफ्टवेअरात तिचा हिशेब दाखविण्याची सोय असते. जुन्या सॉफ्टवेअरात स्थलांतर ही कल्पनाच नसल्यास दोन मोजण्या एकाच मोजणीच्या वेषात पुढे जातात.

उष्णतेविषयी थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. लांबीची मापे २० अंश सेल्सिअसला सांगावयाची, हा आंतरराष्ट्रीय निर्णय १९३१ चा. सी. एम. एम. ची खोली वातानुकूलित असते, म्हणून तिच्या सॉफ्टवेअरातील तापमानाची दुरुस्ती कित्येकदा बंदच ठेवलेली असते, व त्या खोलीपुरते ते क्षम्यही आहे. बाहू मात्र पत्र्याच्या छपराखाली जातो, आणि येथील उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. २० अंशांच्या फरकाने एक मीटर पोलाद सुमारे ०.२३ मिलिमीटरांनी वाढते; ॲल्युमिनियमला तेवढेच वाढण्यास अर्धा मीटर पुरतो. बाहू आपल्या अंगच्या उष्णतेची दुरुस्ती स्वतः करतो, जॉबच्या उष्णतेची नाही. हा भेद न कळल्यास दोन्ही दुरुस्त्या सुटतात. किंवा बाहूच्या ड्रायव्हरमध्ये एकदा व सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्यांदा अशी जॉबची दुरुस्ती दोनदा होते.

आता या गळतीची किंमत कोण मोजतो ते पाहावे. समजा, एका भोकाच्या स्थानास दोन्ही बाजूंस ०.१० मिलिमीटर टॉलरन्स आहे आणि वाचन ०.०७ आले. वाचन सी. एम. एम. चे असून त्याची अनिश्चितता ०.००३ मिलिमीटर असेल, तर भाग निःसंशय चांगला. वाचन बाहूचे असून अनिश्चितता ०.०५ असेल, तर खरे माप ०.०२ पासून ०.१२ पर्यंत कोठेही असू शकते. भाग चांगला आहे असेही सिद्ध होत नाही, वाईट आहे असेही नाही. आय. एस. ओ. १४२५३-१ या मानकाच्या १९९८ च्या आवृत्तीतील सरळ हिशेब असा, की पुरवठादाराने चांगलेपणा सिद्ध करावयाचा तर टॉलरन्समधून दोन्ही बाजूंनी अनिश्चितता वजा करावी. म्हणजे सी. एम. एम. वर त्यास ०.०९७ पर्यंत मोकळीक मिळते, आणि बाहूवर केवळ ०.०५ पर्यंत. २०१७ च्या आवृत्तीने हा हिशेब संभाव्यतेच्या भाषेत मांडून वजावट काहीशी सौम्य केली. तत्त्व तेच ठेवले. जुने सॉफ्टवेअर मात्र यांतले काहीच करीत नाही. ते वाचनाची टॉलरन्सशी तुलना करते, ०.०७ हे ०.१० पेक्षा कमी आहे असे पाहते, आणि हिरवा शिक्का उठविते. सी. एम. एम. च्या बाबतीत हा हिरवा रंग जवळजवळ बरोबर होता, कारण तेथे अनिश्चितता नगण्य होती. बाहू जोडताच त्याच रंगाचा अर्थ बदलतो, आणि बदलला आहे हे सांगणारी एकही ओळ रिपोर्टवर नसते. भाग ग्राहकाकडे जातो, तेथे दुसऱ्या यंत्रावर मोजला जातो, नाकारला जातो, आणि मालासहित परत येतो. लहान कारखान्यास हा फटका दुहेरी असतो. मालाचा तोटा होतोच, वर 'तुमच्या रिपोर्टवर विश्वास नाही' हे ऐकावे लागते. उलट प्रकारही घडतो, की चांगला भाग भंगारात जातो. त्याची तक्रार करणारे कोणी नसते, म्हणून तो तोटा मोजला जात नाही.

मानकांनी याची काळजी घेतलेली नाही काय, असा प्रश्न अभ्यासकाच्या मनात येईल. घेतली आहे, परंतु तुकड्यातुकड्यांनी. बाहूच्या परीक्षेसाठी अमेरिकेत २००४ चे बी ८९.४.२२ हे मानक आहे व २०१६ पासून आय. एस. ओ. १०३६०-१२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. टोक एका खोबणीत स्थिर ठेवून बाहू चहूबाजूंनी फिरवावा व टोक किती हलल्याचे दिसते ते पाहावे, ज्ञात लांब्या वेगवेगळ्या दिशांनी मोजाव्यात, अशा सुज्ञ कसोट्या त्यांत आहेत. बिंदूंवरून वर्तुळ वा समतल काढण्याच्या गणिताची परीक्षा आय. एस. ओ. १०३६०-६ या २००१ च्या मानकात आहे. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरांतून एकाच बिंदूंची भिन्न उत्तरे निघतात, असा इशारा अमेरिकेत १९८८ सालीच दिला गेला होता. संभाषणाची भाषा डी. एम. आय. एस. ने बांधून दिली. प्रत्येक मानक आपापल्या गावाच्या हद्दीत चोख आहे. जोडणी मात्र हद्दीवर घडते, आणि शिवेवरची जागा कोणत्याच पाटलाच्या दप्तरी लागत नाही. विक्रेता बाहूचे प्रमाणपत्र दाखवितो. ते ज्या सॉफ्टवेअरसह व ज्या परिस्थितीत मिळविले त्यापुरतेच बोलते. सॉफ्टवेअरवाला आपल्या गणिताचे प्रमाणपत्र दाखवितो; ते बिंदू बरोबर आहेत असे धरून दिलेले असते. दोन खरी प्रमाणपत्रे शेजारी ठेवल्याने तिसरे खरे निष्पन्न होत नाही.

म्हणून जोडणीची परीक्षा स्वतंत्रपणे, जोडलेल्या अवस्थेतच झाली पाहिजे, आणि तीस फारशी सामग्री लागत नाही. एक रिंग गेज, एक गोळा, ज्ञात लांबीचा एक दंड आणि कारखान्याच्या नित्याच्या कामातील एक जॉब एवढे असले की पुरे. रिंग गेज व गोळा यांनी त्रिज्येच्या दुरुस्तीची बाजू पडताळता येते. परंतु वर्तुळ व गोळा यांत सॉफ्टवेअर केंद्रांवरून आकार काढून मग त्रिज्या वजा-अधिक करीत असल्यामुळे दिशेची दहा अंशांची चूक तेथे झाकली जाते. ती उघडी पाडावयाची तर सपाट पृष्ठभागावर प्रोब मुद्दाम तिरपा धरून एकेकटे बिंदू घ्यावे लागतात. गोळ्यावर प्रोब फिरवून घेतलेली मोजणी उत्तम आली म्हणून जोडणी मान्य करण्याची जी पद्धत दिसते, तिच्यातील उणीव नेमकी ही आहे. सर्वांत सोयीची वस्तू सर्वांत धोक्याचा दोष लपविते. दंड वेगवेगळ्या पवित्र्यांत मोजावा. जॉब सी. एम. एम. वर व बाहूवर, एकाच डेटमने, आणि शक्य तर थंड सकाळी व तापलेल्या दुपारी मोजावा. बाहूवर घेतलेले तेच बिंदू दोन्ही सॉफ्टवेअरांत घालून उत्तरे ताडून पाहावीत. फरक गणिताचा आहे की अर्थाच्या गळतीचा, हे त्यावरून उलगडते. बिंदूंची केवळ यादी फाइलीने उचलून जुन्या सॉफ्टवेअरात टाकण्याचा जो स्वस्त उपाय सर्रास योजला जातो, त्यात दिशा, प्रोबचा क्रमांक व वेळ ही तिन्ही गळतात. त्यामुळे असा उपाय एखाद्या तातडीच्या वेळी क्षम्य असला तरी त्यास जोडणी म्हणणे योग्य नाही. याउलट ड्रायव्हर ही सर्व माहिती पोहोचवीत असेल, तर सॉफ्टवेअर ती साठविते की वाचून टाकून देते, हेही तपासले पाहिजे. ही सारी परीक्षा एकदाच करून संपत नाही. संगणकाची मूळ प्रणाली बदलली, ड्रायव्हरची नवी आवृत्ती आली, प्रोब बदलला, की ती पुन्हा करणे प्राप्त होते.

उरतो तो रिपोर्टचा प्रश्न, आणि तो वाटतो त्याहून बिकट आहे. २०२० साली आंतरराष्ट्रीय मानक झालेल्या क्यू. आय. एफ. या नोंद-पद्धतीत माप कोणत्या साधनाने घेतले व त्याची अनिश्चितता किती, हे मापाबरोबर नेण्याची तरतूद आहे. परंतु जुन्या सॉफ्टवेअरचा छापील नमुना ग्राहकाने मान्य केलेला असतो, आणि त्यात रकाने पाच: वैशिष्ट्य, अपेक्षित माप, टॉलरन्स, आलेले माप, निकाल. सहावा रकाना घालावयाचा तर ग्राहकाची संमती लागते. आणि त्या रकान्यात ०.०५ असा आकडा प्रथमच छापणाऱ्या पुरवठादाराचा माल, तो न छापणाऱ्या शेजाऱ्याच्या मालाहून संशयास्पद दिसतो. सॉफ्टवेअर त्यास तो रकाना आपण होऊन देत नाही, ग्राहक मागत नाही, आणि बाहूच्या विक्रीपत्रकात तो आकडा असतो खरा, पण लांबीच्या कसोटीचा, त्याच्या भोकाचा नव्हे. भोकाचा आकडा त्याने स्वतःच्या जॉबवर, स्वतःच्या छपराखाली, आपल्याच जोडणीतून काढावयाचा असतो.